रेघा समजणारा गवंडी

आमच्या गल्लीच्या टोकाला एक जुना बंगला पाडून तिथं नवा उभा राहत होता. एका संध्याकाळी भाजी घेऊन परतताना पाहिलं, तर पोर्चच्या परांचीवर मिस्त्री एकटाच बसलेला, एका हातात थापी आणि दुसऱ्यात मोबाइल. मालकांनी कुठल्याशा हॉटेलच्या दर्शनी खांबाचा फोटो पाठवून अगदी तस्साच खांब पाहिजे म्हणून सांगितलं होतं. खांब पांढराशुभ्र, अंगावर उभ्या पन्हळी, डोक्यावर पानांचा भरगच्च झुबका आणि कोपऱ्यांवर गुंडाळत गेलेल्या वेलांट्या. मिस्त्री दोन बोटांनी फोटो मोठा करत होता. सिमेंटनं पांढुरक्या झालेल्या काचेवर चित्र धूसर व्हायचं, की तो काच शर्टाला पुसून पुन्हा बघायचा. मला पाहून त्यानं फोन खाली धरला. "ताई, हा मागनं कसा असंल ओ?" मी म्हटलं, असेल की पुढून आहे तसाच. त्यानं मान हलवली. "फोटोत दिसत नाय ना. पानं किती पुढं आल्यात ते बी कळत नाय. दोन इंच का चार इंच?" यावर मी काय सांगणार? काही दिवसांनी खांब तयार झाला. समोरून पानं, वेलांट्या, सगळं जागच्या जागी होतं. भिंतीकडच्या बाजूला नुसता गुळगुळीत गिलावा.

मागनं कसा असंल?

प्रश्न डोक्यातून जाईना, कारण तो मला ओळखीचा वाटत होता. रात्री झोप येत नसली की मी वास्तुकलेच्या जुन्या युरोपियन पुस्तकांची स्कॅन केलेली पानं चाळत बसते. त्यात कामाचं काही नसतं, नुसत्या रेघा बघायच्या. त्या पानांवर चारशे-पाचशे वर्षांपूर्वी कुणीतरी हाच प्रश्न विचारत बसलेला दिसतो. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोमन वास्तुकार विट्रुव्हियसनं वास्तुकलेवर दहा भागांचा ग्रंथ लिहिला. आयोनिक शैलीच्या खांबाच्या डोक्यावरची ती गुंडाळलेली वेलांटी कंपासनं कशी काढायची, हे सांगता सांगता तो म्हणतो की आकृती ग्रंथाच्या शेवटी दिली आहे. शेवटी आकृती नाही. नकला करणाऱ्यांच्या हातून पिढ्यान्‌पिढ्या मजकूर उतरत आला, आकृती वाटेत कुठंतरी गळून पडली. मग पुढची कित्येक शतकं विद्वान मंडळी त्या एका वेलांटीवर तर्क लढवत बसली. रोममध्ये पडके खांब डोळ्यांसमोर होते, पण ते ग्रंथातल्या शब्दांशी जुळत नव्हते. आणि रोमपासून दूर, आल्प्सपलीकडं राहणाऱ्या बहुतेकांकडं तर पडका खांबही नव्हता.

चित्र हातानं उतरवून घ्यायचं म्हणजे काय होतं, हे फ्लॉरेन्सच्या आल्बेर्तीला पुरतं ठाऊक होतं. पंधराव्या शतकात त्यानं वास्तुकलेवर ग्रंथ लिहिला तो आकृत्यांशिवाय. इतकंच काय, नकला करणाऱ्यांना त्यानं हात जोडून विनवलं की बाबांनो, आकडे आकड्यांत लिहू नका, अक्षरी लिहा. रोमन आकड्यातली एक उभी रेघ सुटली की बाराचे अकरा होतात आणि खांब बुटका होतो. आकड्यांची ही गत, तर पानाफुलांची काय होत असेल? पहिल्या नकलेत अकँथसचं पान असतं, दहाव्या नकलेत कोबी. (आपल्या कोकणात खाडीच्या कडेनं जी काटेरी मारांडी वाढते, ती याच अकँथस कुळातली. कॉरिन्थियन खांबावरच्या पानाची ही चुलत बहीण चिखलात उभी असते आणि तिच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही.)

छपाई आली तरी सुरुवातीला शब्दच छापले गेले. आल्बेर्तीचा ग्रंथ १४८५ मध्ये फ्लॉरेन्सला निघाला आणि त्याच सुमारास विट्रुव्हियस रोममध्ये, दोन्ही आकृत्यांविना. १५११ मध्ये व्हेनिसला फ्रा जोकोन्दो या वयस्कर धर्मगुरूनं विट्रुव्हियसची आवृत्ती काढली ती १३६ आकृत्यांसह. हे चित्रांचे ठसे लाकडी. ज्या रेघा उमटवायच्या त्या उंच ठेवून बाकीचं लाकूड कोरून काढायचं, म्हणजे ठसा अक्षरांच्या खिळ्यांशेजारी बसतो आणि मजकूर नि चित्र एकाच दाबात कागदावर येतात. ऐकायला ही कारखान्यातली बारीकशी सोय वाटते. पण आता व्हेनिसमध्ये विकत घेतलेल्या प्रतीतला खांब आणि पार कुठंतरी उत्तरेत उघडलेल्या प्रतीतला खांब रेघेनं रेघ सारखा होता. असं पूर्वी कधी झालंच नव्हतं.

या सगळ्या गोतावळ्यात माझा जीव जडलाय तो सेबास्तियानो सर्लियोवर. बोलोन्याचा हा माणूस चित्रकार म्हणून शिकला आणि रोममध्ये पेरुझ्झी या वास्तुकाराच्या हाताखाली राहिला. १५२७ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या फौजांनी रोम लुटलं तेव्हा कलावंत वाट फुटेल तिकडं पांगले, त्यात हा व्हेनिसला येऊन पोचला. स्वतःच्या नावावर म्हणावी अशी एकही मोठी इमारत नाही. होतं ते कागदांचं बाड: पेरुझ्झीचं आणि स्वतःचं. १५२८ मध्ये त्यानं खांबांच्या तळखड्यांची आणि डोक्यांची काही चित्रं सुटी छापून विकायला काढली. आणि १५३७ मध्ये, साठी उलटल्यावर, पुस्तक काढलं, तेही पहिला-दुसरा भाग बाजूला ठेवून थेट चौथा. लोकांना आधी काय हवं आहे हे म्हातारबुवांनी बरोबर ओळखलं होतं. त्या पुस्तकात एका पानावर पाच खांब शेजारीशेजारी उभे आहेत. डावीकडं ठेंगणा, धिप्पाड टस्कन, मग डोरिक, आयोनिक, कॉरिन्थियन आणि सगळ्यांत उजवीकडं सडपातळ, नटवा कॉम्पोझिट. शाळेच्या वर्गफोटोत मुलं उंचीनुसार उभी करावीत तसे. विट्रुव्हियसच्या ग्रंथात शैलींबद्दलचं बोलणं इकडं-तिकडं विखुरलेलं होतं, रोमच्या अवशेषांत तर त्यांची सरमिसळच होती. सर्लियोनं त्यातून पाच निवडले, ओळीनं लावले आणि जणू अनादिकाळापासून ते पाचच होते असं वाटायला लावलं. एका पानाची ताकद.

शिवाय पुस्तक लॅटिनमध्ये नव्हतं, लोकांच्या इटालियनमध्ये होतं. साधारण बुद्धीच्या माणसालाही हे उमजावं, असं त्यानं स्वतःच म्हटलं आहे. मग काय विचारता! १५३९ मध्ये, म्हणजे दोनच वर्षांत, ॲन्टवर्पच्या पीटर कूके या चित्रकारानं त्याची फ्लेमिश, म्हणजे तिथल्या डच भाषेतली, आवृत्ती काढली, सर्लियोला न विचारता. पुढं जर्मन आणि फ्रेंच आवृत्त्याही त्यानंच काढल्या. सर्लियो चरफडला, पण ॲन्टवर्प व्हेनिसच्या कायद्याबाहेर. १५५२ मध्ये तोलेदोला स्पॅनिश आवृत्ती निघाली. इंग्रजीला १६११ उजाडावं लागलं आणि तीही डचवरून केलेली. म्हणजे लंडनचा गवंडी जो रोमन खांब बघत होता, तो रोमहून व्हेनिसला, व्हेनिसहून ॲन्टवर्पला आणि तिथून समुद्रापार अशा मुक्कामांनी आलेला. दर मुक्कामाला नवा कोरणारा हात. छापील चित्र समोर ठेवून ठशावर जसंच्या तसं कोरलं तर छापताना ते उलटं उमटतं. त्यामुळं अशा नकलांमध्ये कधी ऊन डावीकडून पडायचं ते उजवीकडून पडायला लागतं. दर्शनी भाग दोन्हीकडून सारखाच असल्यानं कुणाचं काही अडत नसे.

मिलानचा चित्रकार-लेखक लोमाझ्झो या सगळ्या प्रकारावर फार वैतागला होता. सर्लियोच्या दाढीत जेवढे केस नसतील तेवढे अर्धेकच्चे वास्तुकार त्यानं पैदा केले, असं त्यानं लिहून ठेवलंय. वाचून मी मोठ्यानं हसले होते. नंतर वाटलं, यातली चीड कुठल्या जातीची आहे? ज्ञान स्वस्त झाल्याची की वाईट झाल्याची? दोन्ही असतील. सोशल मीडियावरच्या आजच्या तज्ज्ञांबद्दल मीही असंच काहीबाही बोलत असते.

कागदावर नेमकं काय मावतं, हा मात्र मिस्त्रीचाच प्रश्न. बाह्यरेषा मावते, प्रमाण मावतं. दगडाचा रंग, त्याचं वजन, सांध्यातला चुना, पान किती इंच पुढं आलंय, दुपारी चारला त्याची सावली कुठवर जाते, यातलं काही मावत नाही. रोमन लोकांनी काँक्रीटचे जे अवाढव्य घुमट आणि कमानी पेलून धरल्या त्या मावत नाहीत. खांब मावतो, दार मावतं, खिडकी मावते. म्हणून युरोपभर पसरलं ते रोमचं दर्शनी रूप, आणि तेही तुकड्यातुकड्यांनी. फ्रान्समधल्या एखाद्या जुन्या गढीला एकच नवं दार, जर्मन नगरसभेला एक सज्जा, पोलंडमधल्या वाड्याला खांबांची एक रांग. मधोमध उंच कमान आणि दोन्ही अंगांना बुटक्या चौकोनी फटी, ही तीन भागांची खिडकी सर्लियोच्या पानांवरून इतकी पसरली की तिला त्याचंच नाव चिकटलं. ती त्यानं शोधलेली नव्हती. त्यानं ती फक्त छापली.

१५६२ मध्ये इटालियन वास्तुकार विन्योलानं रोममध्ये जे पुस्तक काढलं, ते पाहिलं की वाटतं हा माणूस मिस्त्रीच्या शेजारी परांचीवर बसून लिहीत होता. फक्त ३२ चित्रं. लाकडाऐवजी तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली, त्यामुळं रेघ केसासारखी बारीक. मजकूर इतका थोडका की तो चित्राच्याच कडेला बसतो. आणि फूट, इंच, हात, वीत असलं काहीच नाही. युरोपात तेव्हा गावागावाचा फूट वेगळा होता. इटलीतल्या व्हिचेंझाचा फूट आजच्या मापानं ३५ सेंटिमीटरच्या वर जातो. मग विन्योला म्हणतो, तुमच्याकडं जेवढी उंची आहे तिचे १९ भाग करा. चार खालच्या चौथऱ्याला, बारा खांबाला, तीन वरच्या तुळईपट्टीला. झालं. हिशेबाला एक दोरी पुरते. खांबाच्या तळाची त्रिज्या हे एक माप धरायचं आणि बाकी सगळं त्याच्या पटीत. शेकडो आवृत्त्या निघाल्या या पुस्तकाच्या, कितीतरी भाषांत. पुढं जवळपास तीन-साडेतीनशे वर्षं युरोपात वास्तुकला शिकणारं पोर पहिल्यांदा हाच खांब गिरवत असे.

ऑक्सफर्डला बोडलियन ग्रंथालयाच्या चौकात उभी राहिले तेव्हा हे सगळं माझ्या डोक्यात नव्हतं. एक बहीण त्या बाजूला राहते, तिच्याकडं गेले होते, आणि बारीक पाऊस चुकवायला आम्ही आत शिरलो. समोर सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला दरवाजाचा मनोरा. त्याच्यावर एकावर एक पाच मजले जोडखांब चढवलेले: तळाला टस्कन, मग डोरिक, आयोनिक, कॉरिन्थियन, माथ्यावर कॉम्पोझिट. सर्लियोचं पान आडवं होतं ते उभं केलेलं. आणि त्या मनोऱ्याच्या दोन्ही अंगांना, डोक्यावर, चौकभर सगळीकडं जुन्या गॉथिक (मध्ययुगीन युरोपी) घडणीच्या खिडक्या आणि टोकेरी शिखरं. खांब काहीही पेलत नाहीत. भिंतीवर बिल्ले टाचावेत तसे ते टाचले आहेत. बहीण म्हणाली, "हे काय विचित्र प्रकरण आहे!" मला मात्र ते इतकं लोभस वाटलं की मी पावसात बाहेर येऊन मान दुखेपर्यंत बघत राहिले. आपल्याला नवी विद्या अवगत झाली आहे आणि ती सगळ्यांना दिसलीच पाहिजे, हा उत्साह त्या दगडात अजून ओला आहे. मग आम्ही दरवाजातून पलीकडं, कॅट स्ट्रीटवर गेलो. रस्त्याच्या बाजूनं त्याच मनोऱ्यावर एकही खांब नाही. तिथं सरळ गॉथिक नक्षीच्या उभ्या पट्ट्या. मागनं तो असा आहे!

नॉटिंगहॅमजवळ वॉलटन हॉल म्हणून एक वाडा आहे, १५८० च्या दशकात रॉबर्ट स्मिथसननं बांधलेला. आराखडा सर्लियोच्या पानावरून घेतलेला, नक्षीकाम डच वास्तुकार-चित्रकार व्रेडेमान द व्रीसच्या पुस्तकांतून. या द व्रीसनं रोमन खांबांवर कातड्याच्या पट्ट्या गुंडाळल्यासारखी, कुरळ्या टोकांची अशी काही नक्षी चढवली होती की रोमन माणूस ती पाहून चक्रावला असता. इंग्रज गवंड्यांना दोन्ही सारखंच रोमन. पुस्तकात छापलंय ना, मग खरंच असणार. शुद्धतेचे भोक्ते या इमारतींकडं नाकं मुरडतात. मला त्या आवडतात, पण का आवडतात ते सांगताना मी अडखळते. त्यांत गंमत आहे म्हणून? की रोमला न गेलेल्या माणसांनी नुसत्या रेघांवर भरवसा ठेवून एवढा दगड उचलला, याचं कौतुक म्हणून?

इटालियन वास्तुकार पल्लाडिओची गोष्ट आणखी मजेची. १५७० मध्ये व्हेनिसला त्याच्या वास्तुकलेवरच्या ग्रंथाचे चार भाग निघाले. त्यात रोमच्या मंदिरांसोबत त्यानं स्वतःची घरंही छापली, पण जशी बांधली तशी नाही, जशी बांधायची होती तशी. जागा कमी पडली, पैसे संपले, मालक वारला म्हणून अर्धवट राहिलेले वाडे पुस्तकात पूर्ण झाले. व्हिचेंझाबाहेरच्या टेकडीवर त्याची व्हिला रोतोंदा आहे. तिच्यावरचा घुमट पुस्तकात अर्ध्या चेंडूसारखा उंच आहे, प्रत्यक्षात तो त्याच्या मृत्यूनंतर बसका झाला. इंग्रज वास्तुकार इनिगो जोन्स १६१३-१४ मध्ये इटलीत फिरला तो हे पुस्तक बगलेत मारून. इमारतीसमोर उभं राहायचं, पानाशी ताडून बघायचं आणि समासात टिपणं करायची. ती प्रत आजही ऑक्सफर्डच्या वूस्टर कॉलेजात आहे. त्याच्यासारखी पडताळणी करणारे मोजकेच. बाकीच्यांनी कागदावरचीच घरं खरी मानली. १७२० च्या दशकात कॉलिन कॅम्पबेलनं केंट परगण्यात मेअरवर्थ इथं रोतोंदाची नक्कल उभारली, ती छापील, उंच घुमटासकट. आता इंग्लंडची थंडी म्हटल्यावर खोल्याखोल्यांत शेकोट्या पाहिजेत, आणि शेकोट्या म्हटल्यावर धुराडी. पल्लाडिओच्या चित्रात छपरावर धुराडं नाही. मग कॅम्पबेलनं धुराच्या नळ्या घुमटाच्या आतल्या नि बाहेरल्या कवचांमधून वर नेऊन माथ्यावरच्या कंदिलातून, म्हणजे टोकावरच्या छोट्या मनोरीतून, बाहेर काढल्या. चित्र मोडायचं नाही म्हणून घुमटातून धूर काढणारा माणूस! मला तो आमच्या मिस्त्रीचा लांबचा नातलग वाटतो.

इथवर सगळं गमतीत गेलं. पण एक गोष्ट सलते. गॉथिक गवंड्यांची स्वतःची विद्या होती. एका चौकोनातून दुसरा चौकोन फिरवून शिखराचं सगळं प्रमाण काढायचं, मापाचे आकडे न वापरता. ती गुरूकडून शिष्याला, हातातून हातात जायची. रेगेन्सबुर्गच्या मातेस रोरिट्झर या गवंड्यानं १४८६ मध्ये शिखरावरची एक चिमुकली पुस्तिका छापलीही होती. पण ती लाट चढली नाही. पुढच्या शतकात नवी पुस्तकं वाचणारे लोक गॉथिक कामाला रानटी म्हणायला लागले. इमारत कशी हवी हे ठरवणं कामाच्या जागेवरून उठून जमीनदाराच्या दिवाणखान्यात जाऊन बसलं. १७२८ मध्ये वास्तुकार जेम्स गिब्सनं लंडनला आपल्या आराखड्यांचं पुस्तक काढलं. त्याच्या सुरुवातीला तो अगदी सरळपणे लिहितो की दूरच्या मुलखात, जिथं नकाशे करून देणारं कुणी मिळत नाही, तिथं घर बांधू पाहणाऱ्या सद्गृहस्थांच्या हे उपयोगी पडेल. आणि रेघा समजणारा कुठलाही कामगार ते बांधू शकेल. रेघा समजणारा. एवढीच काय ती त्याची लायकी उरली. तरी उलटी बाजूही आहेच. त्याच शतकात बॅटी लँगली, विल्यम हाफपेनी यांसारख्यांनी सुतार-गवंड्यांसाठी सुटसुटीत पुस्तकं छापली आणि ती घेऊन साध्या सुतारांनी कुठल्याही वास्तुकाराला न विचारता रांगाच्या रांगा घरं उठवली. इंग्लंडमधल्या ज्या जुन्या गल्ल्या आज पर्यटक डोळे भरून बघतात, त्यातल्या कितीतरी अशाच झालेल्या. त्यामुळं पुस्तकानं गवंड्याला लहान केलं की मोठं, यावर माझं मत आठवड्याला बदलतं.

गिब्सचा 'दूरचा मुलूख' मात्र त्याच्या कल्पनेपेक्षा फारच दूर निघाला. लंडनच्या ट्राफल्गार चौकाजवळ त्याचं सेंट मार्टिन चर्च आहे: पुढं देवळासारखा खांबांचा मंडप आणि त्याच्यामागून छपरातून वर घुसलेला मनोरा. हे रूप पुस्तकातून निघालं आणि इंग्रज जिथं जिथं गेले तिथं तिथं उगवलं. कोलकात्याचं १७८७ चं सेंट जॉन्स त्याच घराण्यातलं. चेन्नईत एग्मोरला सेंट अँड्र्यूज म्हणून १८२१ चं चर्च आहे, ते तर आणखी पुढचं. सेंट मार्टिनसाठी गिब्सनं आधी गोल आराखडा केला होता, खर्चामुळं तो बाजूला पडला, पण पुस्तकात छापलेला राहिला. चेन्नईत आतली जागा गोल आहे. लंडननं नाकारलेलं चर्च शंभर वर्षांनी मद्रासमध्ये उभं राहिलं, तेही पायाखाली विटांच्या विहिरी उतरवून, कारण तिथली जमीन भुसभुशीत. आणि खांब संगमरवरी वाटतात ते शिंपल्यांच्या चुन्याचे. मद्रासी चुनामचा थर घासून घासून असा आरशासारखा केलेला की हात लावला तर गार लागतो. गिब्सच्या पुस्तकात यातलं काही नाही. विहिरी नाहीत, चुनाम नाही. पोर्तुगीजांनी त्याच्याही दोनशे वर्षं आधी गोव्यात हेच केलं होतं. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूच्या दर्शनी भागावर पाश्चात्त्य स्तंभशैली मजल्यामजल्यानं चढत गेल्या आहेत, पण अंग जांभ्या दगडाचं आणि नाजूक कामासाठी वसईहून आणलेला काळा दगड. १९५० च्या दशकात वरचा गिलावा काढल्यापासून ते लालबुंद दिसतं आणि आता आपल्याला तेच त्याचं खरं रूप वाटतं.

कधीकधी कागद इतका वरचढ होतो की मूळ वस्तू फिकी पडते. अठराव्या शतकात इटालियन चित्रकार पिरानेसीनं रोमच्या अवशेषांची जी तांब्यावरची चित्रं छापली, त्यांत माणसं मुंगीएवढी, भिंती आभाळाला भिडलेल्या, सावल्या शाईनं तुडुंब. ती चित्रं बघत वाढलेला जर्मन कवी गटे रोमला गेला, काराकालाच्या स्नानगृहांसमोर उभा राहिला आणि त्याला ते तितकंसं भव्य वाटेना. पिरानेसीनं जे दाखवलं होतं ते तिथं नव्हतंच. मला हे वाचून बरं वाटलं. रोमच्या फोरममध्ये उन्हात फिरताना, हातातली पाण्याची बाटली संपलेली असताना, माझंही असंच झालं होतं आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

परवा त्या बंगल्यावरून गेले तेव्हा खांबाला सोनेरी रंग दिलेला होता आणि मिस्त्री दुसऱ्या कामावर गेला होता. खांबाच्या गुळगुळीत पाठीबद्दल मालकांची काही तक्रार असल्याचं ऐकिवात नाही. घरी येऊन मी पुन्हा सर्लियो उघडला. या वेळी त्याच्या शेवटच्या वर्षांतला. तिसरा भाग १५४० मध्ये निघाला तेव्हा फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस खूश झाला, पैसे पाठवले, त्याला फाँतेनब्लोला बोलावून घेतलं. राजा १५४७ मध्ये वारला आणि नव्या राजवटीत म्हातारा बाजूला पडला. लियोंला जाऊन राहिला, १५५१ मध्ये ५० दरवाजांचं एक पुस्तक तिथं छापलं, आणि पैशाच्या अडचणीत आपली चित्रं-हस्तलिखितं याकोपो स्ट्राडा नावाच्या व्यापाऱ्याला विकली. त्यांतला सातवा भाग स्ट्राडानं १५७५ मध्ये फ्रँकफर्टला छापला. सर्लियो त्याआधीच गेला होता.

सहावा भाग राहिला. हा घरांचा. सुरुवात गरीब शेतकऱ्याच्या झोपडीपासून. मग त्याहून थोडा बरा शेतकरी, कारागीर, व्यापारी, सरदार, असं चढत चढत राजाच्या महालापर्यंत, गावातली घरं वेगळी, शहरातली वेगळी. विट्रुव्हियसपासून कुणी गरिबाच्या घराचा इतक्या मनानं आराखडा केला नव्हता. एक हस्तलिखित म्युनिकमध्ये आहे, दुसरं न्यूयॉर्कमध्ये, आणि छापून निघाली ती विसाव्या शतकात, साठ-सत्तरच्या दशकांत. तोवर चारशे वर्षं त्याचे खांब आणि दरवाजे तोलेदोपासून लंडनपर्यंत दगडात उतरत होते. झोपडीचा आराखडाही तेव्हाच छापला गेला असता, तर दाढीच्या केसांचा तो हिशेब लोमाझ्झोनं कदाचित एवढ्या रागानं मांडला नसता.